मूत्राशयाचा कॅन्सर पुरुषांनाच जास्त का? पेशीतल्या हार्मोन रिसेप्टरची गोष्ट

निपाणी-चिकोडी पट्ट्यात विडी वळायची बायकांनी आणि ओढायची पुरुषांनी, अशी वाटणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. मांडीवर सूप, सुपात जर्दा आणि भिजवून मऊ केलेली तेंदूपानं, हातात कात्री. फर्म्याच्या मापानं पान कापायचं, चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, टोक दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. तीच विडी पुढे कुणा पुरुषाच्या खिशात जाते. त्यामुळे मूत्राशयाचा कॅन्सर बायकांपेक्षा पुरुषांना तीन ते चार पट जास्त होतो असं सांगितलं, तर आपल्याकडे कुणालाच नवल वाटत नाही. ओढतात ते, मग होणारही त्यांनाच.

हे उत्तर खरं आहे, पण अर्धंच खरं आहे.

आधी खरा भाग पाहू. धूर छातीत गेला तरी तिथेच थांबत नाही. त्यातली घातक रसायनं रक्तात उतरतात, यकृतातून फिरतात, मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीत येतात. लघवी मूत्राशयात तासन् तास साठून राहते, म्हणजे त्या रसायनांचा सगळ्यात लांबलेला स्पर्श होतो तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला. ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं यात मुख्य गुन्हेगार. ती तंबाखूच्या धुरात असतात, तशीच पूर्वी कापड रंगवायच्या रंगांच्या कारखान्यांतही असत. १८९५ साली जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये लुडविग रेन या सर्जनच्या लक्षात आलं, की रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयात गाठी होताहेत. धंद्यातल्या रसायनामुळे होणारा कॅन्सर ओळखला गेला, त्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. आपल्याकडेही ज्यांचं आयुष्य सुताच्या-कापडाच्या रंगकामात गेलं आहे, त्यांनी डॉक्टरांना आपला जुना धंदा आठवणीनं सांगावा. डॉक्टर दरवेळी विचारतीलच असं नाही.

आता राहिलेला अर्धा भाग. अमेरिकेत साडेचार लाखांहून अधिक स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षं पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. धूम्रपान चालू असलेल्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट दिसला. स्त्रिया असोत की पुरुष, साधारण निम्म्या रुग्णांच्या आजाराचं खापर धूम्रपानावरच फुटलं. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. ज्यांनी आयुष्यात कधीच धूम्रपान केलं नाही, अशा पुरुषांतही या कॅन्सरचं प्रमाण न ओढणाऱ्या बायकांच्या दुपटीहून जास्त होतं. धूर दोघांच्याही आयुष्यातून वजा केला, तरी फरक शिल्लक राहिला. हा शिल्लक राहिलेला फरक कुठून येतो, याचा शोध घेता घेता संशोधक हार्मोनपाशी आणि त्यातही हार्मोनच्या रिसेप्टरपाशी येऊन पोचले.

रिसेप्टर म्हणजे काय ते तंबाखूच्या वखारीवरून लवकर कळेल. मालकाची चिठ्ठी वखारीवर येते. चिठ्ठी म्हणजे नुसता कागद. ती काही पोती उचलत नाही. दारात मुकादम उभा असतो, तो चिठ्ठी हातात घेतो, वाचतो, आत जातो आणि अमुक थप्पी हलवा, तमुक माल बाहेर काढा असं सांगतो, तेव्हा कुठे काम सुरू होतं. मुकादमच नसेल, तर मालकानं दिवसभर चिठ्ठ्या पाठवल्या तरी आत पान हलत नाही. हार्मोन ही चिठ्ठी आणि रिसेप्टर हा मुकादम. टेस्टोस्टेरॉन हे पुरुषात भरपूर असणारं हार्मोन रक्तातून सगळ्या शरीरभर फिरतं, पण त्याचं ऐकतात त्याच पेशी, ज्यांच्यात ॲन्ड्रोजन रिसेप्टर आहे. ॲन्ड्रोजन म्हणजे टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुष-हार्मोन्स. टेस्टोस्टेरॉन पेशीचं आवरण सहज ओलांडून आत शिरतं, रिसेप्टरला चिकटतं. चिकटताच रिसेप्टरचा आकार बदलतो, तो पेशीच्या केंद्रकात जातो, डीएनएवर ठरावीक जागी बसतो आणि काही जनुकं चालू करतो, काही बंद करतो. वाढ, विभाजन, दुरुस्ती, साफसफाई या सगळ्याचे हुकूम तिथून सुटतात.

बायकांच्या शरीरातही टेस्टोस्टेरॉन असतं, थोडं असतं इतकंच. आणि पुरुषांच्या शरीरात इस्ट्रोजेन हे बायकांत जास्त असणारं हार्मोन असतं. ॲन्ड्रोजन रिसेप्टर आणि इस्ट्रोजेन रिसेप्टर दोघांच्याही शरीरात असतात. हे ध्यानात ठेवलं नाही, तर पुढचं सगळं चुकीचं समजेल.

हार्मोनचा आणि कॅन्सरचा संबंध नवा नाही. १८९६ साली ग्लासगोच्या जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कॅन्सर पसरलेल्या स्त्रीची बीजकोषं काढल्यावर गाठी विरघळल्याचं प्रसिद्ध केलं. १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी दाखवलं, की प्रोस्टेटच्या, म्हणजे पुरुषांत मूत्राशयाखाली असणाऱ्या ग्रंथीच्या, कॅन्सरमध्ये टेस्टोस्टेरॉनचा पुरवठा तोडला की रोग मागे हटतो. त्यांना १९६६ साली नोबेल मिळालं. शिकागोतच एलवुड जेन्सन यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस इस्ट्रोजेनला पेशीत धरून ठेवणारा रिसेप्टर दाखवून दिला. आज स्तनाच्या कॅन्सरचा रुग्ण आला की ईआर (इस्ट्रोजेन रिसेप्टर) आणि पीआर (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा रिसेप्टर) या तपासण्या झाल्याशिवाय औषध ठरत नाही, ते या कामामुळे.

मूत्राशयाकडे मात्र या नजरेनं कुणी फारसं पाहत नव्हतं. मूत्राशय ही लघवी साठवायची पिशवी, तिचा हार्मोनशी काय संबंध? संबंध आहे, आणि तो जन्माच्याही आधीचा आहे. गर्भात बाळ वाढत असताना प्रोस्टेट आणि मूत्राशयाचा बराचसा भाग एकाच मूळ पोकळीतून तयार होतो. त्यामुळे मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींत ॲन्ड्रोजन रिसेप्टर सापडतो, इस्ट्रोजेनचे दोन्ही रिसेप्टर सापडतात. इस्ट्रोजेनचे दोन म्हणजे अल्फा आणि बीटा. बीटाचा पत्ता १९९६ साली स्वीडनमध्ये लागला, आणि मूत्राशयाच्या अस्तरात त्याचंच प्रमाण जास्त असतं.

या विषयातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांना पिण्याच्या पाण्यातून बीबीएन नावाचं रसायन दिलं. हे रसायन उंदरांत नेमकं मूत्राशयाचा कॅन्सर घडवतं, म्हणून अशा प्रयोगांत ते अनेक दशकं वापरात आहे. साध्या उंदरांपैकी ९२ टक्के नरांना कॅन्सर झाला आणि ४२ टक्के माद्यांना. पाणी तेच, रसायन तेच; विडीचा, धंद्याचा, सवयीचा प्रश्नच नाही, तरीही नरांचं प्रमाण दुपटीच्या वर. मग त्यांनी असे उंदीर घेतले, ज्यांच्यात ॲन्ड्रोजन रिसेप्टरचं जनुकच काढून टाकलेलं होतं. त्यांनाही तेच पाणी पाजलं. त्यांच्यातल्या एकाही नराला कॅन्सर झाला नाही. एकाही मादीला झाला नाही.

मादीला झाला नाही, इथे थांबून विचार केला पाहिजे. साध्या माद्यांपैकी ४२ टक्के माद्यांना जो कॅन्सर झाला, त्यातही या रिसेप्टरचा हात होता, असा याचा अर्थ निघतो. म्हणजे ॲन्ड्रोजन रिसेप्टर ही फक्त पुरुषांची भानगड नाही. बाईच्या मूत्राशयातही तो आहे आणि थोड्याशा टेस्टोस्टेरॉनवरही तो काम करू शकतो.

त्याच प्रयोगात आणखी एक निरीक्षण होतं, ते बऱ्याचदा गाळून सांगितलं जातं. रिसेप्टर नसलेल्या नर उंदरांना बाहेरून पुरुष-हार्मोन दिलं, तेव्हा त्यांच्यातल्या काहींना कॅन्सर झाला. रिसेप्टर नसताना! तेव्हा हार्मोनला दुसऱ्याही वाटा असणार. एकाच रिसेप्टरवर सगळं ढकलून मोकळं होता येत नाही, हे त्या प्रयोगानंच सांगून ठेवलं आहे.

आता हा रिसेप्टर नेमकं करतो काय? त्याची कामं बरीच आहेत, पण दोन गोष्टी मला विशेष वाटतात.

पहिली आपल्या विडीशी जोडलेली आहे. आपल्या पेशींत यूजीटी नावाच्या एन्झाइमांचं एक कुटुंब असतं. विषारी रसायनाला साखरेसारखा एक रेणू चिकटवून ते निरुपद्रवी करायचं आणि पाण्याबरोबर बाहेर टाकायचं, हे त्यांचं काम. ॲरोमॅटिक अमाइन्सचीही विल्हेवाट अशीच लागते. मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशींवर प्रयोगशाळेत केलेल्या अभ्यासात दिसलं, की ॲन्ड्रोजन रिसेप्टर जागा झाला की ही एन्झाइमं कमी बनतात. म्हणजे धुरातलं विष मूत्राशयात येऊन पोचतं त्याच वेळी ते निपटायची यंत्रणा पुरुष-हार्मोन मंद करून ठेवतं. एवढ्यावरून एकच विडी नवऱ्यानं आणि बायकोनं ओढली तर दोघांचं नुकसान किती किती, असा हिशेब मांडता येत नाही. पण धूर आणि हार्मोन ही दोन वेगळी कारणं नसून एकमेकांचे हात धरणारी कारणं असू शकतात, हे इथे दिसतं.

दुसरी गोष्ट प्रतिकारशक्तीची. शरीरात कॅन्सरची पेशी तयार झाली की तिला शोधून मारणाऱ्या टी-पेशी असतात. त्या फार काळ लढत राहिल्या की थकतात. थकतात म्हणजे जिवंत असतात, गाठीत हजर असतात, पण मारत नाहीत. २०२२ साली अमेरिकेतल्या ओहायोमधल्या संशोधकांनी मूत्राशयाच्या कॅन्सरच्या उंदरांवर दाखवलं, की नरांतल्या टी-पेशी माद्यांपेक्षा लवकर या थकलेल्या अवस्थेत जातात आणि त्यांना तिकडे ढकलण्यात ॲन्ड्रोजनचा वाटा आहे. कारण टी-पेशीतही ॲन्ड्रोजन रिसेप्टर असतो. एकच हार्मोन अस्तराच्या पेशीला एक हुकूम देतं आणि तिच्यावर पहारा करणाऱ्या पेशीला दुसराच. या शोधाचं महत्त्व मला फार वाटतं, कारण कॅन्सरवरच्या नव्या इम्युनोथेरपीची औषधं नेमकी या थकलेल्या टी-पेशींनाच पुन्हा कामाला लावायचा प्रयत्न करतात.

इस्ट्रोजेनची बाजू एवढी सरळ नाही. इस्ट्रोजेन बायकांचं रक्षण करतं असं एक वाक्य वाचायला मिळतं, आणि ते अर्धवट आहे. उंदरांच्या प्रयोगांत अल्फा रिसेप्टर काढला तर कॅन्सर वाढला, म्हणजे अल्फा वाचवणारा दिसतो. बीटा काढला तर कॅन्सर घटला, म्हणजे बीटा वाढवणारा दिसतो. एकाच हार्मोनचे दोन रिसेप्टर आणि दोघांची दिशा उलटी. माणसांच्या गाठी तपासून पाहिल्या तर चित्र आणखी गुंतागुंतीचं होतं. काही अभ्यासांत बीटा रिसेप्टर जास्त आक्रमक गाठींत जास्त सापडला, काहींत उलट. ॲन्ड्रोजन रिसेप्टरचंही तसंच. कुठल्या अभ्यासात दहातल्या एखाद्या गाठीत तो दिसतो, कुठे तीन चतुर्थांश गाठींत. नमुने वेगळे, तपासायला लावलेले रंग वेगळे, पॉझिटिव्ह कशाला म्हणायचं याची रेष वेगळी. त्यामुळे एखादा आकडा उचलून ठामपणे बोलणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये.

तरी एक निरीक्षण बायकांच्या दृष्टीनं उपयोगाचं आहे. अमेरिकेतल्या नर्सेस हेल्थ स्टडीत, म्हणजे परिचारिकांच्या आरोग्याची दशकानुदशकं नोंद ठेवणाऱ्या अभ्यासात, पाळी पंचेचाळिशीत किंवा त्याआधी गेलेल्या स्त्रियांत मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका पाळी उशिरा गेलेल्यांपेक्षा जास्त आढळला, आणि तो फरक मुख्यतः धूम्रपान केलेल्या स्त्रियांत दिसला. आपल्या गावागावांत चाळिशीच्या आत गर्भपिशवी काढलेल्या बायका किती आहेत, हे कुठल्याही आशाताईला विचारा. पिशवीबरोबर बीजकोषंही काढली असतील, तर इस्ट्रोजेन एकदम तुटतं. अशा बाईनं घाबरून जायचं कारण नाही, पण लघवीच्या तक्रारी अंगावर काढू नयेत.

हार्मोनवर एवढं लिहिल्यावर हेही लिहिलं पाहिजे, की स्त्री-पुरुषांतला फरक नुसता हार्मोनचा नाही. बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. एक्सवर केडीएम६ए नावाचं जनुक आहे, ते कॅन्सरला आवर घालतं आणि मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये वारंवार बिघडलेलं सापडतं. बाईत दुसऱ्या एक्सवरची बहुतेक जनुकं झोपवलेली असतात, पण हे जनुक दोन्हीकडे जागं राहतं. म्हणजे तिच्याकडे एक जादा प्रत असते. २०१८ साली उंदरांवर दाखवलं गेलं, की हार्मोन बाजूला ठेवले तरी एक्सचा हा फायदा टिकून राहतो. वायची कथा उलटी. वय वाढेल तशा पुरुषाच्या काही पेशींतून वाय गुणसूत्र गळून पडतं, आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या रक्तपेशींत ही गळती जास्त आढळते. लॉस एंजेलिसमधल्या सीडर्स-सायनाय संस्थेच्या संशोधकांनी २०२३ साली दाखवलं, की वाय गमावलेल्या मूत्राशयाच्या गाठी प्रतिकारशक्तीला चुकवून जास्त जोरानं वाढतात, पण इम्युनोथेरपीला मात्र जास्त चांगला प्रतिसाद देतात. धूर, हार्मोन, गुणसूत्रं हे तिन्ही एकत्र घेतल्याशिवाय तीन-चार पटीचा उलगडा होत नाही.

आता रिपोर्टाकडे वळू, कारण हा लेख लिहायचं कारणच एक रिपोर्ट आहे. खानापूरकडच्या ओळखीतल्या एका मावशींना लघवीतून रक्त गेलं, दुर्बिणीतून गाठ काढली आणि तुकडा तपासायला गेला. त्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. रिपोर्ट घेऊन आला आणि दारातूनच म्हणाला, "टीचर, ईआर निगेटिव्ह लिहिलंय. म्हणजे आईचा कॅन्सर औषधाला दाद न देणारा आहे काय?"

त्याची भीती समजण्यासारखी होती. मावशींचं काही वर्षांपूर्वी स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं होतं, आणि तेव्हा ईआर पॉझिटिव्ह असणं म्हणजे गोळ्यांचा उपयोग होणार, हे घरात सगळ्यांना पाठ झालं होतं. पण मूत्राशयाच्या तुकड्यावर ईआर तपासायचं कारण वेगळं असतं. पॅथॉलॉजिस्टला आधी एक प्रश्न सोडवायचा असतो: ही गाठ मूत्राशयातच उगवली, की दुसरीकडून येऊन इथे रुजली? गाटा-३ नावाचं एक प्रथिन मूत्राशयाच्या कॅन्सरमध्येही सापडतं आणि स्तनाच्या कॅन्सरमध्येही. मावशींच्या रिपोर्टात गाटा-३ पॉझिटिव्ह होतं. मग स्तनाचा जुना रोग मूत्राशयात उतरला की काय, ही शंका घेणं भाग होतं. ती फेडायला ईआर, पीआर आणि आणखी काही रंग लावून पाहिले. तुकड्याचा कागदाहून पातळ काप काचेवर घेतात, त्यावर त्या त्या प्रथिनाला चिकटणारी अँटिबॉडी सोडतात; प्रथिन असेल तर त्या जागी पेशी तपकिरी दिसते, नसेल तर निळीच राहते. मावशींच्या स्तनाच्या गाठीतली केंद्रकं त्या वेळी तपकिरी झाली होती, मूत्राशयातली निळी राहिली. बाकीचे रंगही मूत्राशयाकडेच बोट दाखवत होते. म्हणजे जुना रोग परतला नव्हता, हा वेगळा, नवा रोग होता. पुरुषांच्या बाबतीत असाच प्रश्न प्रोस्टेटविषयी पडतो आणि तेव्हा पीएसएसारखे, म्हणजे प्रोस्टेटमध्ये बनणारी प्रथिनं दाखवणारे, रंग लावतात.

मी त्या मुलाला रिपोर्टातल्या दुसऱ्या दोन ओळींवर बोट ठेवून दाखवलं. एक, गाठ लो ग्रेड की हाय ग्रेड, म्हणजे तिच्या पेशी कमी बिघडलेल्या की जास्त. दुसरी, डिट्रुसर मसल. डिट्रुसर म्हणजे मूत्राशयाच्या भिंतीतला जाड स्नायू. तो तुकड्यात आला आहे का, आणि आला असेल तर गाठ त्यात शिरली आहे का? पुढचा सगळा उपचार या ओळीवर ठरतो. स्नायूत शिरली नसेल, आणि चारातल्या सुमारे तीन रुग्णांत निदानाच्या वेळी शिरलेली नसते, तर दुर्बिणीतून गाठ खरवडून काढतात आणि गरजेप्रमाणे मूत्राशयात बीसीजी सोडतात. हे तेच बीसीजी, जे तान्ह्या बाळाला टीबीसाठी टोचतात. १९७६ साली कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी त्याचा मूत्राशयात उपयोग दाखवला आणि आजही ते टिकून आहे. स्नायूत शिरली असेल, तर मूत्राशय काढणं किंवा किमो आणि रेडिएशन, असा मोठा निर्णय समोर येतो. स्नायूच तुकड्यात आला नसेल, तर बऱ्याचदा पुन्हा एकदा दुर्बीण घालून तुकडा घ्यावा लागतो. डॉक्टर तसं म्हणाले तर पैसे काढायला बघताहेत असा समज करून घेऊ नका.

मग रिसेप्टरवरचं औषध मूत्राशयाच्या कॅन्सरला चालतं का? आजच्या घडीला नेहमीच्या उपचारात ते नाही. टॅमॉक्सिफेन, एन्झाल्युटामाइड अशी स्तनाच्या आणि प्रोस्टेटच्या कॅन्सरमधली औषधं प्रयोगशाळेत आणि छोट्या चाचण्यांत वापरून पाहिली गेली आहेत. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी टेस्टोस्टेरॉन तोडलेल्या पुरुषांत मूत्राशयाची गाठ पुन्हा येण्याचं प्रमाण कमी दिसलं, असे जुन्या नोंदींवरचे अभ्यास आहेत. प्रोस्टेट वाढलेल्या कितीतरी आजोबांच्या डब्यात फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी असते. टेस्टोस्टेरॉनचं जास्त ताकदीच्या हार्मोनात होणारं रूपांतर ती अडवते, आणि तिच्याबद्दलही काही अभ्यासांत आशादायक गोष्टी दिसल्या. पण जुन्या नोंदी चाळणं आणि रुग्णांचे दोन गट करून रीतसर चाचणी घेणं यात मोठं अंतर आहे. कुणी मेडिकलमधून या गोळ्या आणून मूत्राशयासाठी म्हणून स्वतःच घेऊ नयेत. त्यांचे परिणाम हाडांवर, लैंगिक जीवनावर, मनावर होऊ शकतात, आणि फिनास्टेराइडनं रक्तातल्या पीएसएचा आकडा खाली येतो, त्यामुळे प्रोस्टेटचा रोग असला तर लपू शकतो.

एक गोळी मात्र मधुमेह्यांनी माहीत करून घ्यावी अशी आहे. पायोग्लिटाझोन. ती ज्या रिसेप्टरवर काम करते तो पीपार-गॅमा, म्हणजे ॲन्ड्रोजन आणि इस्ट्रोजेन रिसेप्टरच्याच मोठ्या घराण्यातला. मूत्राशयाच्या अस्तराची पेशी पक्व होण्यात त्याचा हात असतो आणि या कॅन्सरच्या एका प्रकारात तो जास्तच जागा असतो. या औषधानं मूत्राशयाच्या कॅन्सरचा धोका वाढतो की काय, या शंकेवरून फ्रान्सनं २०११ साली त्याचा वापर थांबवला. भारतात जून २०१३ मध्ये विक्री स्थगित झाली आणि जुलैमध्ये ठळक इशारा छापायच्या अटीवर पुन्हा सुरू झाली. गोळी स्वतःहून बंद करू नका. साखर भडकली तर तेही महागात पडतं. पण लघवीतून कधी रक्त गेलं असेल, किंवा मूत्राशयाच्या कॅन्सरवर उपचार झाले असतील, तर तुमच्या शुगरच्या डॉक्टरांना ते सांगितलंच पाहिजे. त्या रुग्णांना हे औषध देत नाहीत.

लघवीतून रक्त हा या रोगाचा मुख्य इशारा आहे, आणि तो फसवा आहे, कारण बहुतेक वेळा दुखत नाही. एकदा लाल लघवी होते, मग आठवडाभर स्वच्छ, आणि माणूस विसरून जातो. बायकांच्या बाबतीत आणखी उशीर होतो. जळजळ आहे म्हणजे उन्हाळी लागली असेल, धणे-जिऱ्याचं पाणी घे, सब्जा घे. कमी नाही झालं तर मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या. पाळी चालू असेल तर रक्त कुठून आलं हेच कळत नाही, पाळी गेलेली असेल तर दाखवायची लाज वाटते. पाश्चात्त्य देशांतल्या अभ्यासांतही बायकांचं निदान पुरुषांपेक्षा उशिरा होतं, इन्फेक्शन समजून उपचार चालू राहतात, आणि गाठ सापडते तेव्हा ती खोल गेलेली असते. बायकांना हा रोग कमी होतो, पण झाल्यावर त्यांची अवस्था जास्त वाईट होते, यामागे इस्ट्रोजेन रिसेप्टरचं काही गूढ असेलही. पण त्या गूढाच्या कितीतरी आधी हा उशीर आहे, आणि तो आपल्या हातातला आहे. उन्हाळीचा त्रास औषधानं गेला नाही, किंवा गेला आणि पुन्हा आला, तर लघवीची तपासणी आणि कल्चर करा. कल्चरमध्ये जंतू वाढले नाहीत आणि तरी लघवीत रक्ताच्या पेशी दिसताहेत, तर सोनोग्राफी आणि युरॉलॉजिस्ट. दुर्बिणीची तपासणी जागेवर भूल देऊन काही मिनिटांत होते. सोनोग्राफी स्वच्छ आली तरी छोटी, चपटी गाठ तिच्यातून सुटू शकते, म्हणून डॉक्टर दुर्बीण सांगतील तर टाळू नका.

विडी सोडल्यानं धोका कमी होतो, पूर्ण जायला मात्र बरीच वर्षं लागतात. गाठ निघाल्यावर सोडली तरी उपयोग आहे. हा रोग पुन्हा पुन्हा उगवणारा आहे, सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघावं लागतं, आणि या परत उगवण्याला धूर खतपाणी घालतो.

आपल्या सीमाभागातल्या रुग्णांसाठी एक शेवटची, कामाची गोष्ट. आपण दुर्बिणीचं ऑपरेशन बेळगावात करतो, दुसरं मत घ्यायला मिरजेला किंवा कोल्हापूरला जातो, रेडिएशनसाठी कधी बेंगळूरु गाठतो. प्रत्येक ठिकाणी फाइल दाखवतो, पण गाठीचा तुकडा मात्र पहिल्या लॅबमध्येच पडून राहतो. तो तुकडा मेणाच्या छोट्या ठोकळ्यात जपलेला असतो, त्याला ब्लॉक म्हणतात. नवीन ठिकाणी रिसेप्टरची किंवा आणखी कुठली तपासणी करायची झाली तर नुसता कागद चालत नाही, ब्लॉक लागतो. रुग्णाचं नाव, रिपोर्टवरचा बायोप्सी नंबर आणि एक अर्ज घेऊन गेलात तर लॅब तो सही घेऊन देते. काही ठिकाणी थोडं शुल्क असतं. मावशींचा मुलगा पुढच्या सोमवारी जाऊन दोन्ही ब्लॉक घेऊन आला, स्तनाचा जुना आणि मूत्राशयाचा नवा. उन्हात किंवा गाडीच्या डिक्कीत ठेवू नका, मेण वितळतं.